न रडलेल्या बाळाच्या मेंदूची रेघ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा उचल, खाडा, मुकादमाचा हिशेब यांपैकी एखाद्यावर मी बोलेन, अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे आणि त्यातले पुष्कळसे आपणांस पाठही झाले असेल. यंदा मी नवजात बालकाच्या मेंदूवर बोलणार म्हटल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "काका, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" झालो नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे थोडेबहुत शिकलो ते वाचनालयात, एस. टी.च्या बाकावर आणि इस्पितळांच्या ओट्यांवर. तेव्हा औषधोपचार मी सांगणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. एक रेघ कशी वाचतात, एवढेच मला सांगावयाचे आहे.

2016 सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आपल्या या भागातला एक कोयता पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या तोडीवर गेला होता. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे सिरसाळ्यात कोणाला सांगावयास नको. परंतु व्याख्यान पुढे छापले जाते आणि परगावीही वाचले जाते, म्हणून सांगितले. बाईचे दिवस भरत आले होते. खाडा पडला तर उचलीत रक्कम चढते, म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत मोळ्या बांधीत होती. दुपारी कळा सुरू झाल्या त्या तिने दिवेलागणीपर्यंत कोणाला कळू दिल्या नाहीत. मग रात्र कोपीत, तेथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका लहानशा दवाखान्यात, असे करता करता पहाटे चारच्या सुमारास मूल जन्मले. ते रडले नाही. निळे पडलेले, हातपाय लोंबते. कोणी पाणी शिंपडले, कोणी पाठीवर चापट्या मारल्या. श्वास सुरू व्हावयास किती मिनिटे गेली, हे कोणी घड्याळात पाहिले नाही. सकाळी नऊनंतर बाळ ओठ चघळल्यासारखे करू लागले आणि सायकल मारावी तसे पाय हलवू लागले. जवळच्या बाया म्हणाल्या, भूक लागली असेल. ती भूक नव्हती, आकडी होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. जन्मापासून अकरा तास झाले होते.

मी तेथे रात्री पोचलो. काचेपलीकडे ते मूल, त्याच्या डोक्याला चिकटवलेल्या चार-पाच बारीक तारा आणि शेजारी एक पडदा. पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक पट्टा सरकत होता. पट्टा कसला, तळाशी घासत चाललेली रेघच ती, मधून मधून तीवर एखादा काटा उभा राही. बापाने ती पाहिली आणि मला विचारले, "काका, रेघ सपाट झाली म्हणजे लेकरू गेलं का?" सिनेमात त्याने हृदयाची रेघ पाहिली होती, तेवढीच त्याची ओळख. माझीही त्याहून अधिक नव्हती. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आमच्या मोर्च्याच्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर आकृत्या काढून मला समजावून सांगितले. मी मान डोलावली, परंतु बापाला त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. आजचे व्याख्यान त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

मेंदूत वीज असते, ही गोष्ट जुनी आहे. 1875 साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे रिचर्ड केटन या डॉक्टराने सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा लावून तीतून प्रवाह वाहतो हे दाखविले. माणसाच्या मेंदूची रेघ पहिल्यांदा कागदावर उतरविली ती जर्मनीत येना येथील हान्स बर्गर याने, 1924 साली. पाच वर्षे तो ती तपासत बसला आणि 1929 साली त्याने ती प्रसिद्ध केली. तरीही विद्वानांनी मनावर घेतले नाही. 1934 साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखविले तेव्हा कुठे जगाने मान्य केले. लहान गावच्या माणसाचे ऐकून घ्यायला मोठ्या गावच्या माणसाची साक्ष लागते, हे तिकडेही आहे तर!

ही वीज किती? विजेरीत घालावयाचा सेल दीड व्होल्टचा असतो. नवजाताच्या मेंदूची जी रेघ आपण पाहणार आहोत तीत दहा मायक्रोव्होल्टची चर्चा चालते. म्हणजे त्या सेलचा दीड लाखावा हिस्सा. मेंदूतील असंख्य पेशी एकमेकींना सांगावा धाडतात, त्या सांगाव्यांचा हा एकत्रित गलबला कवटीबाहेर इतका क्षीण होऊन येतो. यंत्र तो वाढवून दाखविते. या आलेखाला डॉक्टर ई. ई. जी. म्हणतात.

नवजाताची रेघ मोठ्या माणसासारखी नसते. पॅरिसच्या कोलेट ड्रेफ्यू-ब्रिझाक या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 नंतरच्या काळात तान्ह्या मुलांच्या रेघांचा कसून अभ्यास केला. त्यांना आढळले की दिवस भरून जन्मलेले निरोगी मूल गाढ झोपी जाते तेव्हा त्याची रेघ काही सेकंद उंच उसळते, मग काही सेकंद लहान होते, पुन्हा उसळते. दोन गायकांनी आळीपाळीने म्हणावे तशी. मात्र मधल्या वेळीही ती बंद पडत नाही, गुणगुणत राहते. हे लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडेल.

पूर्ण आलेख वाचणे हे तज्ज्ञाचे काम, आणि तज्ज्ञ रात्री दोन वाजता पाळण्याशी उभा नसतो. म्हणून एक सोपे यंत्र निघाले. लंडनमध्ये डग्लस मेनार्ड आणि पामेला प्रायर यांनी 1960 नंतरच्या दशकात ते मोठ्या माणसांसाठी बनविले; पुढे स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टरांनी ते नवजातांच्या खोलीत नेले. ते रेघ दाबून आखूड करते. तासाभराची हकीकत सहा सेंटिमीटरांत बसते. त्यामुळे रेघेचा पट्टा होतो आणि त्याला एक वरची कड, एक खालची कड येते. मला हे चटकन समजले याचे कारण वेगळे आहे. परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्रात मी तरुणपणी कंत्राटी मजूर होतो. तेथे कागदाच्या रिळांवर सुया रेघा ओढीत असत. जाणता ऑपरेटर पाळीवर आला की आधी रात्रीचे रीळ उलगडून पाही. या क्षणाचा आकडा त्याला नको असे, रात्रभर काय चालले होते ते हवे असे. हे यंत्र म्हणजे मेंदूचे रात्रीचे रीळ.

धडधाकट मुलाच्या पट्ट्याची वरची कड दहा मायक्रोव्होल्टच्या वर आणि खालची पाचाच्या वर असते. शिवाय तो पट्टा रुंद होतो, अरुंद होतो. गाढ झोपेत रुंद, जागेपणी आणि चाळवलेल्या झोपेत अरुंद. ही झोपेची लाट. मेंदूचे भाग एकमेकांशी जुळून काम करीत आहेत याची ती खूण.

मेंदूला इजा झाली की आधी खालची कड पाचाखाली ढासळते. वरची अजून जागेवर असते. ही मध्यम अवस्था. इजा जबर असेल तर खालची कड तळाला चिकटते आणि पट्ट्यातून नुसते काटे निघतात: काही क्षण भडका, मग शांतता, पुन्हा भडका, पुन्हा शांतता. मघाच्या गाढ झोपेतल्या आळीपाळीशी याची गल्लत करू नये. तेथे मधल्या वेळी गुणगुण होती, येथे मधल्या वेळी काही नाही. त्याहून वाईट म्हणजे काटेही थांबतात आणि दोन्ही कडा पाचाखाली जातात. त्या मुलाची रेघ मी पाहिली तेव्हा ती काट्यांच्या पायरीवर होती. सपाट दिसत होती, पण सपाट नव्हती. बापाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

आता हे होते कसे, ते पाहू. पोटातल्या मुलाला श्वास नसतो, वार हेच त्याचे फुप्फुस. प्रत्येक कळ येते तेव्हा गर्भाशय आवळले जाते आणि वारेकडचे रक्त थोडा वेळ अडते. कळ ओसरली की पुन्हा वाहते. दोन कळांमधली विश्रांती बाईइतकीच मुलालाही हवी असते. कळा फार लांबल्या, विश्रांती आखडली, नाळ दाबली गेली किंवा वार आधीच सुटली, तर मुलाचा प्राणवायू तुटतो. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. बाळंतपण लवकर उरकावे म्हणून कळांचे इंजेक्शन देण्याची जी रीत पडली आहे, ती मुलाचे ठोके न मोजता, मात्रा न पाहता, घरी किंवा वाटेत वापरली गेली तर कळांमधली विश्रांतीच नाहीशी करते. घाईने सुटका व्हावी म्हणून दिलेले औषध मुलाचा गळा आवळते. इस्पितळात थेंबाथेंबाने, ठोके ऐकत दिले जाते ते वेगळे.

मेंदू हा देहातला खर्चिक भाग आहे. मोठ्या माणसाच्या वजनात त्याचा वाटा शंभरात दोन, परंतु देहाच्या खर्चात शंभरात वीस. बालकात हा खर्चाचा वाटा आणखी मोठा. पेशीला आतबाहेरच्या क्षारांचा तोल सांभाळण्यासाठी अहोरात्र पंप चालवावा लागतो. प्राणवायू तुटला की पंप थांबतो, पाणी आत शिरते, पेशी फुगते. तेव्हाच सर्व पेशी मेल्या असत्या तर हा विषय संपला असता. पण तसे होत नाही, आणि या सर्व शास्त्रात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. श्वास सुरू झाला, रक्त पोचले, की पुष्कळशा पेशी सावरतात. काही तास त्यांचा कारभार जवळजवळ नीट चालतो. मग, सहाएक तासांपासून पुढे, त्या दुसऱ्यांदा कोसळतात.  लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या तुकडीने 1980 नंतरच्या दशकात चुंबकीय यंत्राने नवजातांच्या मेंदूतील शक्तीचा साठा मोजला. त्यांना दिसले की पहिल्या दिवशी ठीक असलेला साठा पुढच्या दिवसांत घसरत जातो. म्हणजे पहिला घाव आणि दुसरा घाव यांच्यामध्ये एक मोकळी जागा आहे. आमच्या लेकराने ती मोकळी जागा ट्रॉलीत आणि रस्त्यावर घालविली.

या दुसऱ्या कोसळण्याच्या काळातच आकड्या येतात. नवजाताची आकडी मोठ्या माणसासारखी नसते. फेस नाही, आपटणे नाही. ओठांची चघळ, डोळ्यांचे एकटक पाहणे, पायांचे सायकल मारणे, क्षणभर श्वास थांबणे, एवढेच. कित्येकदा तेवढेही नाही. पट्ट्यावर मात्र ती दिसते. खालची कड एकाएकी कमानीसारखी वर उचलली जाते आणि पुन्हा बसते. एकामागून एक येऊ लागल्या तर पट्टा करवतीच्या दातांसारखा दिसतो. आणखी एक फसवणूक ऐका. औषध दिल्यावर बाहेरची हालचाल पुष्कळदा थांबते, पण आतली वीज तशीच धुमसत राहते. "झटके थांबले, आता बरे आहे," असे सकाळी त्या लहान दवाखान्यात सांगितले गेले. सांगणाऱ्याने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्याच्याजवळ डोळे होते, रेघ नव्हती.

पण रेघही फसते. औषधाच्या गुंगीने पट्टा खाली जातो आणि मेंदू आहे त्यापेक्षा अधिक जखमी दिसतो. उलट, हृदयाच्या ठोक्यांची वीज तारेत मिसळली तर मेलेली रेघ जिवंत भासते. तार ढिली असली, डोक्यावर बाळंतपणाची सूज असली, बाळ आचके देत असले तरी आकडे बदलतात. वीज खात्याशी भांडताना मीटर खरे की खोटे हा वाद मी जन्मभर केला आहे, तेव्हा या बाबतीत मला कोणी नवे सांगावयास नको. म्हणून जाणते डॉक्टर पट्ट्याबरोबर मूळची उलगडलेली रेघही पाहतात, आणि दोन्हीबरोबर मूल पाहतात. हार्वे आणि मार्गारेट सार्नाट या दांपत्याने 1976 साली अवघ्या 21 बालकांवरून तीन पायऱ्या ठरविल्या, त्यांतही रेघ आणि मूल दोन्ही आहेत. पहिल्या पायरीवर मूल टक्क जागे, दचकणारे, दुसरीवर सुस्त, सैल, आकड्या येणारे, तिसरीवर बेशुद्ध. ती वर्गवारी आजही चालते.

आता बापाच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. एका क्षणीची रेघ भविष्य सांगत नाही. रेघ कोठून कोठे चालली आहे, ती सांगते. तळाला गेलेला पट्टा जन्मापासून 24 तासांच्या आत वर आला, तर त्या मुलांपैकी काही चांगली निभावतात, असे हॉलंडमधील डॉक्टरांनी 2005 साली दाखविले. तसाच पडून राहिला तर आशा थोडी. झोपेची लाटही 36 तासांच्या आत परतली तर शुभ. आमच्या लेकराचा पट्टा दुसऱ्या दिवशी दुपारी वर सरकू लागला. 24 तास उलटून गेले होते. लाट दिसली ती चौथ्या दिवशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जगेल. कसं जगेल ते आज सांगत नाही." एवढे सरळ उत्तर इस्पितळात मला क्वचितच मिळाले आहे.

त्या मोकळ्या जागेत काही करता येते का? येते. मुलाचे अंग थंड केले तर पेशींचा खर्च कमी होतो आणि दुसरे कोसळणे मंदावते, असा विचार पुढे आला. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरुवात करावयाची, अंगाचे तापमान साडेतेहतीस अंशांवर आणावयाचे आणि 72 तास तेथेच ठेवावयाचे. 2005 साली अमेरिकेत सीता शंकरन या आपल्या वंशाच्या डॉक्टरबाईंच्या नेतृत्वाखाली आणि 2009 साली ब्रिटनमध्ये मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. थंड केलेली अधिक मुले धड वाचली. श्रीमंत देशांत तोच रिवाज झाला. थंड केलेल्या मुलांचा पट्टा सावरण्यास 48 तासांपर्यंत वाट पाहता येते, असेही पुढे दिसून आले.

मी हे वाचले तेव्हा माझ्यातला संघटक लागलीच जागा झाला. म्हटले, ही सोय प्रत्येक जिल्ह्याला का नाही? निवेदनाचा मसुदाही मनात तयार झाला. परंतु 2021 साली एक निकाल आला आणि मला थांबावे लागले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या पुढाकाराने भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात रुग्णालयांत 2015 ते 2019 या काळात 408 बालकांवर हाच प्रयोग झाला. त्यात आपल्या मुंबईचे सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही होते. म्हणजे त्यातली काही लेकरे आपल्याच राज्यातल्या कष्टकऱ्यांची. निकाल असा: मृत्यू आणि अपंगत्व मिळून पाहिले तर थंड केलेल्यांत शंभरात 50, न केलेल्यांत 47, फरक नाही. नुसते मृत्यू पाहिले तर थंड केलेल्यांत 42, न केलेल्यांत 31. तेथे जीव वाचविणारा उपचार येथे जीव घेत होता.

याचे कारण काय? संशोधकांचा कयास असा की आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना इजा एकाएकी, जन्माच्या घटकेला होत नाही. कळा लागल्यापासून ती तासन् तास, थोडी थोडी होत असते. मूल जन्मते तेव्हा ती मोकळी जागा आधीच सरलेली असते. घड्याळ जन्मापासून मोजायचे म्हणता, पण ते केव्हाच सुरू झालेले असते. मी हे वाचले तेव्हा मला त्या बाईची दुपार आठवली. दुपारी सुरू झालेल्या कळा दिवेलागणीपर्यंत न सांगणारी बाई. सहा तासांचा हिशेब पहाटे चारपासून करावयाचा की फडात तिने पहिली कळ गिळली तेव्हापासून? निवेदन मी फाडले नाही, पण त्यातली मागणी बदलली.

आणि बदललेली मागणी यंत्राची नाही, कागदाची आहे. मेंदूच्या रेघेच्या आधी ओढावयाची एक दुसरी रेघ आहे. ती आईची. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1954 साली बाळंतपण किती वेगाने पुढे सरकते याचा आलेख काढला. 1972 साली ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्यावर दोन तिरप्या रेषा मारल्या. पहिली सावधगिरीची, दुसरी चार तास पुढची, कृतीची. दूरच्या दवाखान्यातल्या सुईणीने पहिली रेषा ओलांडली गेली की मोठ्या इस्पितळाकडे गाडी काढावयाची. ते चार तास रस्त्यासाठी राखून ठेवलेले! डांबरी सडकेपासून लांबच्या माणसांचा विचार करून काढलेली अशी रेषा मी दुसरी पाहिली नाही. त्याच कागदावर दर अर्ध्या तासाला पोटातल्या बाळाचे ठोके लिहावयाचे. मिनिटाला 110 ते 160 ठीक, त्याबाहेर गेले की हालचाल करावयाची. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने या कागदाची सुधारलेली आवृत्ती काढली. खर्च कागदाचा आणि पेन्सिलीचा. कागद कोरा राहतो किंवा बाळंतपण झाल्यावर सवडीने भरला जातो, हे मी अनेक नर्सताईंच्याच तोंडून ऐकले आहे. एकेका पाळीत एकटीने किती बाया सांभाळायच्या, हा त्यांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे. तो आमच्या कामगार चळवळीचाच सवाल आहे.

जन्मल्यावर मूल रडले नाही तर पहिल्या मिनिटाचे काम उरते, आणि ते खेड्यातली बाईही करू शकते हे आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दाखविले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. मूल पुसायचे, ऊब द्यायची, तोंड साफ करायचे आणि श्वास नसेल तर पिशवीच्या मुखवट्याने हवा द्यायची. तिथल्या नवजातांचे मृत्यू शंभरात 62 ने घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट' या पत्रिकेत छापले गेले. जबर गुदमरलेल्या मुलांत आधी शंभरातली 39 दगावत, पुढे 20. आपल्याकडे जुन्या बाया अशा वेळी नाळ न कापता वार निखाऱ्यावर शेकीत. वारेची ऊब नाळेतून मुलात जाते अशी समजूत. त्या बायांना हसू नका. काहीतरी केले पाहिजे हे त्यांना समजले होते. मात्र वार शेकण्यात जी मिनिटे जातात तीच हवा देण्याची मिनिटे असतात.

आता आपल्यापुरते बोलतो. सिरसाळ्याहून परळी, परळीहून अंबाजोगाई. तेथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात असलो तर आपल्याला वाट ठाऊक असते. हंगामात आपली माणसे जिथे असतात तिथे ठाऊक नसते, आणि अडचण तिथेच आहे. 2011 सालच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी इस्पितळात बाळंतीण आणि तान्हे मूल यांचा उपचार आणि गाडी फुकट केली आहे, 108 ची गाडी आपल्या राज्यात 2014 पासून धावते. पण फडातल्या बाईला गट नंबर सांगता येत नाही आणि गाडीवाल्याला कोपी सापडत नाही. म्हणून आम्ही टोळ्या निघण्यापूर्वी दसऱ्याच्या सुमारास एक वही करू लागलो आहोत. टोळीत दिवस गेलेल्या बाया किती, कोणता महिना, तोडीच्या जागेपासून रात्री उघडे असणारे इस्पितळ कोणते, कोणाच्या फोनवरून गाडी बोलवायची. बाळंतपण हंगामात येणार असेल तर घरी कोण थांबेल. मुकादमाने वहीवर सही करावयाची. खाड्याच्या रकान्यात त्या बाईचा दिवस मांडावयाचा नाही. पहिल्या वर्षी तीन मुकादमांनी सही केली, बाकीच्यांनी चहा पाजून वाटेला लावले. गेल्या खेपेस सही करणारे अकरा होते. ज्यांनी केली नाही त्यांच्यातले दोघे आज या सभेत बसले आहेत. त्यांना मी नंतर भेटणार आहे.

ते मूल आता शाळेत जाते. चालायला त्याला अडीच वर्षे लागली. उजवा हात मुठीत आवळलेला राहतो, म्हणून पाटी डाव्या हाताने धरून ती मांडीवर टेकवतो आणि त्याच हाताने लिहितो; पाटी घसरते, तो पुन्हा उचलतो. आकडी अधूनमधून येते, गोळ्या चालू आहेत. बोलतो मात्र खूप. त्या रात्रीच्या पट्ट्याची छापील प्रत बापाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेसोबत ठेवली आहे. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो होतो. पोराने ती पिशवी आणून माझ्यासमोर धरली आणि विचारले, "आजोबा, यात मी कुठंय?" मी त्याला तो काटा दाखविला, तळातून एकटा वर आलेला. त्याने बोट ठेवून पाहिला, आणि मग पुढचे काटे मोजू लागला.